विश्लेषण : आजोबांचे खटक्याचे पेन पुन्हा लिहू शकते का? त्याच्या निबेची पारख कशी करायची?

जुने घर आवरताना कपाटाच्या तळच्या खणातून एखादे शाईचे पेन निघते. टोपण घट्ट बसलेले, रंग थोडा उडालेला आणि दांड्याच्या अंगात बसवलेली धातूची एक बारीक पट्टी. ही पट्टी म्हणजे शाई भरण्याचा खटका, म्हणजेच लिव्हर. पेन सापडल्या सापडल्या घरातले कोणीतरी तो खटका नखाने उचलून पाहते आणि बऱ्याच पेनांची खरी मोडतोड नेमकी तिथेच होते. मग ते पेन एक तर पुन्हा खणात जाते, नाही तर ‘निब सोन्याची आहे’ म्हणून सराफाच्या काट्यावर. प्रत्यक्षात अशा पेनात बिघडलेली असते ती रबराची एक छोटी पिशवी. ती बदलता येते आणि तिची किंमतही फार नसते. निब मात्र एकदा गेली की तशीच दुसरी मिळणे कठीण. त्यामुळे पेन उघडण्याआधी काय तपासायचे, काय करायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे माहीत असलेले बरे.

खटक्याच्या पेनात शाई भरते कशी?

बोरू आणि टाक यांना दौतीत वारंवार बुडवावे लागे. १८८४ मध्ये न्यू यॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी निबेखालच्या जिभेचे पेटंट घेतले. शाई खाली उतरताना तिच्या जागी हवा वर जाईल, अशा बारीक खाचा त्या जिभेत होत्या. त्यामुळे फाउंटन पेन भरवशाचे झाले, पण शाई भरण्याची कटकट उरलीच. पेन उघडायचे, ड्रॉपरने थेंब थेंब शाई सोडायची, आटे घट्ट करायचे आणि तरी बोटे निळी व्हायची ती व्हायचीच. भारतातल्या कित्येक पिढ्यांनी शाळेत हेच केले आहे.

पेनाने स्वतःच शाई ओढून घ्यावी, यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अनेक युक्त्या निघाल्या. ओहायोतील टोलेडो इथल्या कॉन्कलिन कंपनीच्या पेनातून अर्धचंद्राच्या आकाराची एक पट्टी बाहेर डोकावत असे. ती दाबली की आतली रबरी पिशवी चेपली जाई. या पेनाच्या जाहिरातीत मार्क ट्वेन झळकले होते. पट्टीमुळे पेन टेबलावरून घरंगळत नाही, हा गुण त्यांना विशेष भावला होता. मात्र पट्टी बोटांच्या आड येई आणि दिसायलाही ओबडधोबड वाटे.

यावर आयोवा राज्यातील फोर्ट मॅडिसनच्या वॉल्टर शेफर यांनी तोड काढली. हे गृहस्थ पेशाने जवाहिरे. त्यांनी पट्टीऐवजी दांड्याच्या अंगातच मिटून बसणारा खटका बसवला आणि १९०८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९१३ मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. ही कल्पना इतकी सोपी होती की थोड्याच वर्षांत वॉटरमनसह बहुतेक कंपन्यांनी आपापल्या पद्धतीचे खटके आणले. लंडनची कॉन्वे स्टुअर्ट, स्वान पेन बनवणारी मेबी टॉड, न्यू जर्सीतील कॅम्डनची एस्टरब्रुक या सगळ्यांची खटक्याची पेने आजही बाजारात फिरताना दिसतात. ब्रिटिश राजवटीमुळे विलायती पेने भारतातही पुष्कळ आली. वकील, मामलेदार, मास्तर आणि प्राध्यापक यांच्या खिशाला ती असत. मुंबईचा चोर बाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे ती अधूनमधून दिसतात, ती याच वाटेने आलेली.

आतली रचना अशी. दांडा पोकळ असतो. निब आणि जीभ ज्या तुकड्यात बसवलेली असते, जिथे लिहिताना बोटांची पकड येते, त्याला सेक्शन म्हणतात. सेक्शनच्या मागच्या बोंडाला रबरी पिशवी चिकटवलेली असते आणि ती दांड्याच्या पोकळीत जाते. पिशवीच्या शेजारी धातूची एक लांब पट्टी असते. बऱ्याच पेनांत ती इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकवलेली स्प्रिंगच असते. खटका उचलला की तो या पट्टीला ढकलतो, पट्टी पिशवीला चेपते आणि पिशवीतली हवा निबेतून बाहेर जाते. निब शाईत बुडवून खटका सोडला की पिशवी पुन्हा फुगते आणि बाहेरच्या हवेचा दाब शाईला आत ढकलतो. नाकात औषध घालायच्या ड्रॉपरचेच हे तत्त्व, फक्त दांड्याआड दडवलेले.

मग ही पेने बंद का पडतात?

कारण रबर म्हातारे होते. पिशवीचे रबर गंधकाची प्रक्रिया करून लवचीक केलेले असते. हवेतला प्राणवायू, ओझोन आणि उष्णता त्याला हळूहळू खात जातात. काही पिशव्या शिंपल्यासारख्या कडक होऊन तडकतात, काही डांबरासारख्या चिकट होऊन दांड्याच्या आत लिंपल्या जातात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे लवकर होते. कोकणात किंवा मुंबईत भर पडते ती दमट हवेची. त्याने दाबपट्टी गंजते.

आता सापडलेल्या पेनाचा खटका का उचलायचा नाही, हे लक्षात येईल. आत मऊ पिशवी नसून कडक नळी असते. खटक्यावर जोर दिला तर नळी तुटते आणि तेवढ्यावर निभावले तर ठीकच, कारण ती नाही तरी फेकायचीच असते. पण कधी खटक्याची खीळ निसटते, कधी खटका वाकतो आणि कधी दांड्यातल्या खाचेची कडच उडते. पिशवी बदलणे सोपे आहे, तुटलेली खाच पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य. खटका हलक्या हाताने उचलत नसेल तर त्याला हात लावू नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मी पेने वाचतील.

पेन कशाचे आहे, हे आधी का ओळखायचे?

साबण, पाणी, उष्णता आणि स्पिरिट यांतले काय चालेल हे सर्वस्वी त्यावर अवलंबून असते. साधारण १९२० च्या दशकाच्या मध्यापर्यंतची पेने बहुधा एबोनाइटची, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराची असतात. अंगठ्याने जोरात घासून वास घेतला तर गंधकाचा दर्प येतो. एबोनाइट उजेडात आणि ओलाव्यात काळ्याचे तपकिरी, शेवाळी होते. असे पेन रात्रभर पाण्यात भिजत घालणे म्हणजे त्याचा उरलासुरला काळेपणा घालवणे. अनेकांना हे कळते ते सकाळी.

१९२४ मध्ये शेफरने सेल्युलॉइडची पेने आणली आणि पेनांच्या दुनियेत रंग आले. जेडसारखा हिरवा, मोतिया, संगमरवरी. सेल्युलॉइड घासले तर कापराचा मंद वास येतो, कारण ते बनवताना कापूर वापरतात. त्याला उष्णता सोसत नाही आणि ज्वाळेजवळ नेले तर ते भसकन पेटते. फिकट रंगाच्या सेल्युलॉइडला आणखी एक शत्रू घरातलाच असतो. पिशवीच्या रबरातून निघणाऱ्या गंधकाच्या वाफांनी दांडा आतून काळवंडतो. टोपण हिरवेगार आणि दांडा तपकिरी असे जेड रंगाचे पेन दिसले तर ते दोन पेनांचे भाग जोडलेले असेलच असे नाही. बऱ्याचदा तो पिशवीचा प्रताप असतो. हा रंग पुन्हा येत नाही. पॉलिशने येईल असे कोणी सांगत असेल तर ऐकून घ्यावे आणि पेन परत मागून घ्यावे.

तिसरा प्रकार केसीनचा. हे प्लास्टिक दुधातल्या प्रथिनापासून बनते. कॉन्वे स्टुअर्टची काही सुंदर नक्षीदार पेने त्याची आहेत. केसीन पाण्यात फुगते आणि वाळताना तडकते. म्हणजे ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे, याच्या पुढे जायचे नाही. स्पिरिट तर यांपैकी कोणत्याही पेनाला लावू नये.

पेन उघडण्याआधीच निब कशी तपासता येते?

निब तपासण्यासाठी पेन दुरुस्त करावे लागत नाही. दौतीत टाक बुडवावा तशी निब शाईत बुडवायची आणि दोन-चार ओळी लिहायच्या. पेन लिहिण्याजोगे आहे का, त्यावर वेळ आणि पैसा घालवावा का, याचे निम्मे उत्तर या दोन ओळींत मिळते. नंतर निब साध्या पाण्याने धुऊन टिपून घ्यायची. जुनी पेने विकत घेताना तर ही परीक्षा करू देण्याचा आग्रह जरूर धरावा.

त्याआधी भिंग. सोनार किंवा घड्याळजी वापरतात ते दहापट मोठे दाखवणारे भिंग पुरते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला मोठा फोटो चालतो, पण तो वरून, बाजूने आणि अगदी समोरून असा तिन्हीकडून घ्यावा लागतो. वरून दिसणारे सोन्याचे तेज फसवे असते. निबेचे खरे दुखणे बाजूने आणि समोरून दिसते.

पहिली नजर टोकावरच्या दाण्यावर. सोने मऊ असते, कागदावर ते लगेच झिजेल. म्हणून निबेच्या टोकाला अत्यंत कठीण धातूचा बारीक दाणा जोडलेला असतो. त्याला सरसकट इरिडियम म्हणतात. प्रत्यक्षात तो ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम अशा धातूंचा मिश्रधातू असतो. हा दाणा चिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा हवा. एका बाजूचा उडाला असेल तर ती निब लिहिणार नाही, खरवडेल. दाणा झिजून एका बाजूला सपाट पडला असेल तर मात्र घाबरायचे कारण नाही. आधीच्या मालकाने वर्षानुवर्षे ज्या कोनात पेन धरले, त्या कोनात ती निब घासली गेलेली असते. तुमचा हात तसाच असेल तर ती लोण्यासारखी चालते, नसेल तर कडेवर अडते. वडिलांचे पेन मुलाच्या हातात ‘चालत नाही’ यामागे कित्येकदा एवढेच कारण असते.

दुसरी गोष्ट दोन पात्यांची पातळी. समोरून पाहिले की निबेची दोन्ही पाती एका रेषेत दिसली पाहिजेत. एक वर, एक खाली असेल तर लिहिताना पेन एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने खरखरीत लागते. हा दोष सगळ्यात जास्त आढळतो आणि सगळ्यात सोपाही आहे. वर आलेले पाते नखाने अगदी हलके, पुन्हा पुन्हा खाली दाबत आणले की बहुधा सुटतो.

तिसरी गोष्ट चीर. ती मधल्या छिद्रापासून टोकाकडे किंचित अरुंद होत गेलेली हवी आणि टोकाशी पाती एकमेकांना जेमतेम टेकलेली हवीत. टोकाशी फट असेल तर शाई टोकापर्यंत पोहोचत नाही. फार घट्ट असेल तरी तोच परिणाम. निब उजेडासमोर धरली तर हे लगेच कळते. शाळेत चिरेतून ब्लेड फिरवून निब ‘मोकळी’ करायची किंवा फरशीवर घासून गुळगुळीत करायची सवय अनेकांच्या हातात मुरलेली आहे. स्वस्तातल्या स्टीलच्या निबेवर ते खपून गेले. सोन्याच्या जुन्या निबेवर ब्लेड चालवले तर चिरेच्या कडा खरवडल्या जातात आणि फरशी तर टोकाचा दाणाच संपवते. दाणा एकदा गेला की नवा बसवणारे कारागीर जगात मोजके आहेत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तडा. मधल्या छिद्राच्या आसपास किंवा निबेच्या कडेला केसासारखी रेघ दिसली तर ती शाईचा डाग नाही ना, हे पुसून पाहावे. तडा असेल तर पेनाची किंमत तिथेच घसरते. तडा जोडता येतो, पण ते काम लेझर वेल्डिंगचे आणि खर्चाचे आहे.

पाचवी गोष्ट बाजूने दिसते. निबेच्या अंगाचा बाक सलग हवा. पाती मधूनच वर वळलेली दिसली, जीभ आणि निब यांच्यात अंतर पडले असेल तर कोणीतरी तिच्यावर वाजवीपेक्षा जास्त दाब दिलेला आहे.

लवचीक निबेची एवढी चर्चा का?

दाब दिला की पाती फाकून रेघ जाड होते आणि दाब काढला की पुन्हा बारीक होते, अशा जुन्या निबांना सध्या मोठी मागणी आहे. कॉपरप्लेट किंवा स्पेन्सेरियन वळणाच्या इंग्रजी सुलेखनासाठी त्या हव्या असतात. हौसेने पेन घेणारे सर्वात आधी निब नखावर दाबून पाहतात. ही परीक्षा चूक नाही, पण ती हलक्या हाताने आणि एकदाच करायची असते. शंभर वर्षांत सोन्याला थकवा आलेला असू शकतो आणि किती फाकते हे पाहण्याच्या नादात ती कायमची फाकते. ऑनलाइन विक्रीच्या व्हिडीओंत निबेची पाती ताणून ताणून दाखवतात, त्यातून पेनाबद्दल कमी आणि विकणाऱ्याबद्दल जास्त कळते.

सगळ्याच जुन्या निबा लवचीक नसतात. शेफरने १९२० मध्ये आणलेली ‘लाइफटाइम’ निब मुद्दाम जाड आणि कडक होती. खाली कार्बन कागद ठेवून दाबून लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांना तीच उपयोगी होती. वॉटरमनने ‘नंबर ७’ या पेनात तर निबेच्या प्रकाराप्रमाणे रंगच ठरवले होते. गुलाबी म्हणजे लवचीक, हिरवा म्हणजे कडक, तांबडा म्हणजे सर्वसाधारण. कडक निब म्हणजे वाईट निब, हा समज त्यामुळे सोडून द्यावा. रोजच्या लिखाणाला कडक निबच जास्त टिकते आणि दाबून लिहिणाऱ्या हाताला तीच झेपते.

मराठी लिहिणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. तिरपा छाट दिलेल्या निबा या रोमन लिपीच्या वळणासाठी बनवलेल्या. देवनागरीसाठी बोरूचा छाट त्याच्या उलट दिशेने देतात. त्यामुळे तिरप्या निबेने मराठी लिहिताना जाड रेघ भलत्याच ठिकाणी उमटते. मध्यम जाडीची गोल टोकाची किंवा सरळ छाटाची निब शिरोरेघेला आणि काना-वेलांट्यांना बरी पडते.

निब सोन्याची आहे हे कसे कळते आणि ती सराफाला द्यावी का?

निबेवर बहुधा कॅरेटचा आकडा कोरलेला असतो. बहुतेक अमेरिकी आणि ब्रिटिश निबा १४ कॅरेटच्या, म्हणजे ५८.५ टक्के सोन्याच्या. काहींवर ५८५ असा आकडा दिसतो. १८ कॅरेटला ७५०. कंपनीचे नाव नसून नुसते ‘वॉरंटेड १४ कॅरेट’ लिहिले असेल तर ती निब कोणत्याही कंपनीला पुरवली जाणारी सर्वसामान्य निब असते किंवा नंतर बदललेली असते. सोने खरेच असते, पण पेन मुळातले आहे की नाही यावर प्रश्नचिन्ह लागते. नुसत्या पिवळ्या रंगावर जाऊ नये. स्टीलवर सोन्याचा मुलामा दिलेल्या निबा भरपूर आहेत. लोहचुंबकाला चिकटली तर ती नक्की सोन्याची नाही, पण चिकटली नाही म्हणून सोन्याची ठरत नाही.

सराफाचे गणित मात्र सोपे आहे. नेहमीच्या आकाराच्या निबेचे वजन एक ग्रॅमच्याही आत भरते. अर्ध्या ग्रॅमची १४ कॅरेटची निब धरली तरी तिच्यात शुद्ध सोने ०.२९ ग्रॅम. त्यातून घट जाणार. तीच निब धड असेल आणि पेनासकट असेल तर लिहिणाऱ्याला किंवा संग्राहकाला तिचे मोल बरेच जास्त असते. सोन्यासाठी निबा काढून वितळवल्याने निब नसलेली कित्येक चांगली पेने आज बाजारात पडून आहेत.

उलट, सोने नाही म्हणून निब टाकाऊ ठरत नाही. एस्टरब्रुकच्या निबा स्टीलच्या, पण त्या जिभेसकट आटे फिरवून काढता आणि बसवता येतात. प्रत्येक निबेवर चार आकडी क्रमांक असतो. २६६८ म्हणजे साधी मध्यम. ९ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या निबांना कठीण धातूचा दाणा जोडलेला असतो, त्यामुळे त्या अधिक टिकतात आणि महागही असतात. १ आणि २ ने सुरू होणाऱ्यांत बहुधा स्टीलचेच टोक दुमडून घडवलेले असते आणि ते वापराने झिजते. एकच पेन आणि हवी तशी निब, ही सोय आजच्या महागड्या पेनांतही सहज मिळत नाही. दुरुस्ती शिकण्यासाठी एस्टरब्रुकइतके सोशिक पेन दुसरे नाही.

पिशवी बदलायची कशी?

सगळा कस लागतो तो सेक्शन दांड्यातून बाहेर काढताना. बहुतेक पेनांत तो नुसता घट्ट खोचलेला असतो, काहींत आटे असतात. जुनी शाई आणि चपडा यांनी तो धरून ठेवलेला असतो. ते सैल करायला कोरडी ऊब लागते. केस वाळवायच्या ड्रायरने सांध्याजवळ, पेन सतत फिरवत, काही सेकंद. पेनाचा तो भाग ओठाला किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचा. चटका बसला तर फार झाले. ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सेल्युलॉइड वाकू लागते आणि ड्रायरचा झोत त्याहून गरम असू शकतो. मग रबरी हातमोज्याची किंवा सायकलच्या ट्यूबच्या तुकड्याची पकड घेऊन दोन्ही बाजूंना किंचित हलवत ओढायचे. नाही हलले तर पुन्हा ऊब. पुन्हा नाही हलले तर उद्या. उकळते पाणी, लायटर आणि दात असलेली पक्कड या तिन्ही गोष्टींना इथे मज्जाव आहे. निब आणि जीभ बाहेर काढण्याची पिशवी बदलायला काहीही गरज नसते. ती ठोकून काढण्याच्या खटाटोपात चांगल्या निबा तडकतात.

सेक्शन निघाला की जुन्या पिशवीचे अवशेष दांड्यातून आणि बोंडावरून कोरून काढायचे. चिकट झालेले रबर निघायला वेळ लागतो, तो द्यावा. दाबपट्टी गंजून पातळ झाली असेल तर बदलावी. नवीन पट्ट्या आणि पिशव्या परदेशातून आणि काही भारतीय पेन विक्रेत्यांकडूनही मागवता येतात. पिशवीचा क्रमांक म्हणजे इंचाच्या ६४ व्या भागांत तिची जाडी. १६ क्रमांक म्हणजे १६/६४, अर्थात पाव इंच, सुमारे ६.३५ मिलिमीटर. एस्टरब्रुकच्या नेहमीच्या ‘जे’ पेनाला हीच लागते. इतर पेनांसाठी बोंडाचा व्यास मोजावा. पिशवी बोंडावर घट्ट बसली पाहिजे आणि दांड्यात दाबपट्टीला न घासता गेली पाहिजे. लांबी दांड्याच्या पोकळीत सेक्शन धरून मोजायची आणि पिशवी टोकाला टेकणार नाही अशी कापायची.

चिकटवायचे कशाने, या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांत बदललेले नाही. लाख. सुतार पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात तोच चपडा. लाखेच्या किड्यापासून मिळणारा हा पदार्थ भारतातून जगभर जात आला आहे. म्हणजे विलायती पेनाच्या पोटात थोडा झारखंड-छत्तीसगडकडचा भागही असण्याची बरीच शक्यता. चपड्याचा मोठा गुण हा, की तो ऊब दिली की सुटतो. पुढच्या दुरुस्तीची वाट त्याने बंद होत नाही. झटपट चिकटणारा सुपरग्लू किंवा इपॉक्सी वापरले की ती कायमची बंद होते आणि पुढच्या खेपेला बोंडच तुटून हातात येते.

बोंडाला चपड्याचा पातळ हात द्यायचा, पिशवी चढवायची आणि रात्रभर वाळू द्यायची. सुगंध नसलेली साधी शंखजिऱ्याची पूड पिशवीवर चोळली की ती पट्टीला चिकटत नाही. सेक्शन दांड्यात बसवताना दाबपट्टी पिशवीच्या एका बाजूला आणि खटक्याच्या समोर आहे ना, हे पाहावे. पहिली चाचणी शाईने नव्हे, पाण्याने. निब पूर्ण बुडवून खटका उचलायचा, बुडबुडे आले पाहिजेत. खटका सोडून निब दहा सेकंद तशीच बुडवून ठेवायची. घाई करून लगेच बाहेर काढली तर पिशवी अर्धीच भरते आणि ‘दुरुस्ती फसली’ असे वाटते.

कोणत्या पेनावर स्वतः हात चालवू नये?

ज्या पेनाशी घराची आठवण जोडलेली आहे, ते शिकण्यासाठी घेऊ नये. आधी दोन-तीन साधी, स्वस्तातली पेने उघडून हात बसवावा. चांदी-सोन्याच्या पत्र्याचे नक्षीदार आवरण असलेली पेने, केसीनची पेने, दांड्याला आधीच बारीक चीर गेलेली पेने आणि निबेला तडा असलेली पेने जाणत्या कारागिरालाच द्यावीत. दांड्यावर कोणाचे नाव कोरलेले असेल तर ते घासून काढू नये. घरच्यांसाठी तो पेनाचा सर्वात मौल्यवान भाग असतो, आणि बाजारातही घासलेल्या पेनाला किंमत कमीच मिळते. पॉलिशच्या बाबतीत हेच. टूथपेस्टने चकाकी येते खरी, पण कंपनीचे कोरीव अक्षर त्याच चकाकीत पुसट होत जाते.

विकत घेताना ‘रिस्टोअर्ड’ या शब्दावर थांबू नये. पिशवी नवी आहे का, रबराची आहे की सिलिकॉनची, कशाने चिकटवली आहे, निब मूळची आहे का, टोकाचा जवळून काढलेला फोटो आहे का, असे प्रश्न विचारावेत. ज्याने खरोखर काम केले आहे त्याला उत्तरे द्यायला आवडते. नुसते बाहेरून चकचकीत केलेले पेन या प्रश्नांतच उघडे पडते.

दुरुस्त केल्यावर शाई कोणती घालायची?

फाउंटन पेनसाठी बनवलेली, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची साधी निळी किंवा काळी. मुंबईत १९३१ मध्ये शाईची पूड आणि गोळ्या विकण्यापासून सुरुवात केलेल्या दांडेकरांच्या कॅमल शाईवर महाराष्ट्रातल्या कित्येक पेनांचे आयुष्य गेले आहे. अशी साधी शाई पुरेशी आहे. चित्रकलेची जलरोधक शाई, जिला इंडिया इंक म्हणतात, ती मात्र चुकूनही नको. ती वाळली की जिभेच्या खाचा कायमच्या बुजतात. फिकट रंगाच्या पेनात गडद जांभळी, लाल शाई टाळलेली बरी.

पेन काही आठवडे वापरायचे नसेल तर शाई काढून, दोन-तीनदा पाणी भरून सोडून, निब खाली करून टिपकागदावर सुकवून ठेवावे. उन्हाच्या खिडकीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. चांगली रबरी पिशवी कित्येक वर्षे टिकते, पण आपल्या हवामानात ती कधी ना कधी पुन्हा बदलावी लागणारच. म्हणून जाणते दुरुस्तीकार एका चिठ्ठीवर पिशवीचा क्रमांक, ती बसवल्याची तारीख आणि सेक्शन खोचलेला आहे की आट्यांचा, एवढे लिहून ती पेनाच्या डबीत ठेवतात. पुढच्या वेळी पेन उघडणाऱ्याला सेक्शन फिरवायचा की ओढायचा, हे त्यावरून कळते.